व्हेनामी आणि जंबो कोळंबी एकाच शेततळ्यात: एका हंगामाच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

या हंगामात तीन शेततळी या प्रयोगासाठी राखून ठेवली आहेत. प्रत्येकाचे क्षेत्र १,००० चौरस मीटर असून पाण्याची सरासरी खोली १.२ मीटर, म्हणजे प्रत्येकी सुमारे १,२०० घनमीटर पाणी आहे. प्रश्न साधा आहे. व्हेनामी, म्हणजे मुळात समुद्रातली पांढरी कोळंबी, पाण्याच्या मधल्या थरातही पोहत राहते आणि दाटी बऱ्यापैकी सहन करते. गोड्या पाण्यातील जंबो कोळंबी, म्हणजे मॅक्रोब्रेकियम रोझेनबर्गी, तळाशी राहते, आपापली हद्द राखते आणि मुख्यतः अंधार पडल्यावर खायला बाहेर पडते. या दोघींना एका तळ्यात ठेवले, तर व्हेनामीच्या खाद्याचे तळाशी पडलेले उरलेसुरले कण आणि तिथे साचणारे सेंद्रिय पदार्थ खाऊन जंबो वाढेल, आणि खाद्याचा खर्च न वाढवता तळ्यातून दुसरे उत्पन्न मिळेल, असे आमचे गृहीतक आहे.

पहिल्या तळ्यात फक्त व्हेनामी असेल, दर चौरस मीटरला ४० नग. दुसऱ्या तळ्यात तितकीच व्हेनामी आणि तिच्यासोबत त्याच दिवशी सोडलेली जंबोची पिल्ले, दर चौरस मीटरला २ नग. तिसऱ्यातही संख्या हीच राहील, मात्र तिथे जंबो तीन आठवडे उशिरा सोडायची आहे. प्रत्येक पद्धतीला एकच तळे मिळत असल्याने, जे आकडे हाती येतील त्यांतला किती फरक पद्धतीचा आणि किती तळ्याच्या स्वभावाचा, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. ही मर्यादा सुरुवातीलाच लिहून ठेवलेली बरी.

९ फेब्रुवारी

पाण्याच्या तपासणीचा अहवाल आला. क्षारता ३ पीपीटी (हजार भागांत ३ भाग क्षार), अल्कलिनिटी दर लिटरला १३० मिलिग्रॅम, कॅल्शियम ४०, मॅग्नेशियम ४० आणि पोटॅशियम अवघे ९ मिलिग्रॅम. हा शेवटचा आकडा वाचून थांबावे लागले. समुद्राचे पाणी पातळ करून ३ पीपीटीवर आणले, तर त्यात पोटॅशियम सुमारे ३२, मॅग्नेशियम सुमारे ११७ आणि कॅल्शियम सुमारे ३५ मिलिग्रॅम असते. भूजलाची क्षारता मीटरवर तितकीच दिसली, तरी त्यातल्या क्षारांची आपसातली प्रमाणे निराळी असतात, आणि व्हेनामीला नुसत्या क्षारतेपेक्षा ती प्रमाणे अधिक भोवतात. आमच्या पाण्यात सोडियम सुमारे ९०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम यांचे प्रमाण समुद्रात साधारण २८ ला १ असताना इथे ते १०० ला १ आहे. अशा पाण्यात सोडलेले बीज पहिल्या काही दिवसांत कोणतेही रोगलक्षण न दाखवता मरत जाते आणि दोष मात्र बीजावर येतो.

पोटॅशियमची तूट भरून काढणे आवाक्यातले आहे. दर लिटरला २३ मिलिग्रॅम या हिशेबाने १,२०० घनमीटरला २७.६ किलो पोटॅशियम लागते, आणि म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ते वजनाच्या साधारण निम्मे असल्याने प्रत्येक तळ्याला ५५ किलो खत पुरेल. मॅग्नेशियमचे गणित मात्र तसे नाही. ते ११७ पर्यंत न्यायचे तर प्रत्येक तळ्यात ९०० किलोहून अधिक मॅग्नेशियम सल्फेट ओतावे लागेल. आणि खर्चाचा विचार बाजूला ठेवला, तरी पाण्याचा कठीणपणा आजच्या दर लिटरला सुमारे २६५ मिलिग्रॅमवरून ५८० च्या आसपास जाईल. जंबोची वाढ कठीणपणा ३०० च्या वर गेल्यावर मंदावते आणि तिच्या कवचावर पुटे चढू लागतात. व्हेनामीसाठीचा तक्ता पाळला तर जंबोचे नुकसान होते आणि जंबोचा पाळला तर व्हेनामीचे. म्हणून पोटॅशियम पूर्ण भरायचे आणि मॅग्नेशियमला हात लावायचा नाही, असे ठरवले.

क्षारता वाढवण्याचाही विचार झाला होता. जंबोच्या अळ्यांना निमखारे पाणी लागते, हे शाओ-वेन लिंग यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मलेशियातील पेनांग येथे दाखवून दिले आणि तिथून या कोळंबीच्या बीजनिर्मितीची वाट मोकळी झाली. परंतु अळीचा टप्पा संपल्यावर ती गोड्या पाण्याकडे वळते. तळ्यात वाढणाऱ्या जंबोला खारेपणाची गरज नाही आणि व्हेनामीला ३ पीपीटी चालते, म्हणून आहे तेच पाणी ठेवले.

१७ फेब्रुवारी

दोन्ही बीजांची पीसीआर, म्हणजे रोगजंतूंच्या जनुकांवरून होणारी तपासणी झाली. व्हेनामीच्या बीजात पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू आणि ईएचपी हा वाढ खुंटवणारा सूक्ष्म परजीवी आढळले नाहीत. जंबोच्या पिल्लांत पांढऱ्या शेपटीच्या रोगाच्या नोडाव्हायरसबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणूही तपासून घेण्याचा आग्रह मी धरला, तेव्हा तो अनावश्यक असल्याचे मत पुढे आले, कारण जंबो त्या रोगाने सहसा मरत नाही. माझी काळजी नेमकी तीच आहे. जी जात विषाणू अंगावर वागवूनही धडधाकट दिसते, ती व्हेनामीच्या तळ्यात सोडणे सर्वांत धोक्याचे, कारण तिच्याकडे पाहून कोणतीही सूचना मिळत नाही. अहवाल निर्दोष आला.

२१ फेब्रुवारी, दिवस ०

व्हेनामीचे बीज हॅचरीतच दोन दिवसांत टप्प्याटप्प्याने ३ पीपीटीपर्यंत आणून घेतले होते. शेवटच्या टप्प्यात तासाला १ पीपीटीपेक्षा जास्त उतार दिला नाही. बीज पीएल-१५ अवस्थेचे, म्हणजे अळीचा टप्पा संपून पंधरा दिवस झालेले आहे. कल्ल्यांची फांद्यांसारखी रचना त्या वयापर्यंत पुरेशी झालेली असल्याने ते कमी क्षारतेचा ताण सोसू शकते. प्रत्येक तळ्यात ४०,००० बीज सोडले आणि १०० नग मोजून हाप्यात, म्हणजे तळ्यातच बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात, वेगळे ठेवले. दुसऱ्या तळ्यात नर्सरीत वाढवलेली २,००० जंबो पिल्ले सोडली, सरासरी वजन ०.४ ग्रॅम.

सोडताना सहकाऱ्याने सहज विचारले, की ही पिल्ले बीजापेक्षा एवढी मोठी कशी. त्या वेळी मी नर्सरीत वाढवलेल्या पिलांची जगणूक चांगली असते, एवढेच उत्तर दिले.

२३ फेब्रुवारी, दिवस २

हाप्यांतली मोजणी केली. तिन्ही तळ्यांत ९३ ते ९५ नग जिवंत आहेत. पोटॅशियमचा उपाय लागू पडला, असे समजायला हरकत नाही.

१४ मार्च, दिवस २१

तिसऱ्या तळ्यात २,००० जंबो पिल्ले सोडली. सरासरी वजन पुन्हा ०.४ ग्रॅम, तर त्या तळ्यातली व्हेनामी आता १ ग्रॅमच्या जवळ पोहोचली आहे. त्याच वेळी तळाशी पीव्हीसी पाइपचे तुकडे टाकले आणि जुन्या जाळ्यांच्या उभ्या पट्ट्या बांधल्या. त्या दुसऱ्या तळ्यातही बांधायला हव्या होत्या, हे काम संपल्यावर लक्षात आले. एकाच तळ्यात दोन गोष्टी एकदम बदलल्या गेल्या, आणि पुढे जो फरक दिसेल तो उशिरा सोडण्यामुळे की आडोशांमुळे, हे आता निखळपणे वेगळे करता येणार नाही. दुसऱ्या तळ्यात आता जाळ्या बांधल्या, तर पहिले तीन आठवडे आणि पुढचे दिवस यांची सरमिसळ होऊन गोंधळ वाढेल, म्हणून ते तळे तसेच ठेवले.

२ एप्रिल, दिवस ४०

पागाने, म्हणजे फेकून टाकायच्या जाळ्याने, नमुने घेतले. व्हेनामीचे सरासरी वजन पहिल्या तळ्यात ३.४, दुसऱ्यात ३.७ आणि तिसऱ्यात ३.४ ग्रॅम आहे. दुसऱ्या तळ्यातल्या चेक ट्रे, म्हणजे खाद्य किती संपते हे पाहण्यासाठी पाण्यात सोडलेल्या थाळ्या, दीड तासात स्वच्छ होतात, तर पहिल्या तळ्यात तोच हिशेब लावलेले खाद्य दोन तासांनंतरही थोडे उरते. व्हेनामीची भूक आणि वाढ दोन्ही दुसऱ्या तळ्यात चांगल्या दिसत असल्याने तिथले खाद्य आठ टक्क्यांनी वाढवले.

जंबो पागात जवळपास येतच नाही. दुसऱ्या तळ्यात बारा फेकींत फक्त सात नग मिळाले. पाग पडताच ती तळाला चिकटते किंवा मागे सरकून निसटते.

पोटॅशियम २४ मिलिग्रॅमवर उतरले आहे. पाणी कुठे गळत नाही. तळातली चिकणमाती ते धरून ठेवते. प्रत्येक तळ्याला आणखी २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश दिले.

१७ एप्रिल, दिवस ५५

आज रात्री साडेनऊला मुद्दाम टॉर्च घेऊन दुसऱ्या तळ्याच्या चेक ट्रे उचलल्या, आणि पंधरा दिवसांपूर्वीचा निर्णय चुकल्याचे डोळ्यांनी दिसले. पहिल्या ट्रेत तीन जंबो बसल्या होत्या, दुसऱ्यात चार. ट्रेभोवती व्हेनामी घिरट्या घालत होत्या, पण आत येत नव्हत्या. नांग्या पसरून बसलेली जंबो ट्रेवर ताबा ठेवते आणि तिथले खाद्य स्वतः संपवते. म्हणजे रिकामी ट्रे व्हेनामीच्या भुकेविषयी काहीच सांगत नव्हती.

चेक ट्रेचा सगळा अर्थ एका गृहीतकावर उभा आहे, की ट्रेत जे घडते तेच तळ्यात सर्वत्र घडते. एकाच जातीच्या तळ्यात ते बऱ्यापैकी खरे असते. दोन जाती आल्या, की ट्रे ही तळाशी राहणाऱ्या जातीची खाणावळ होते. पागाचे उलट आहे; तो पोहणाऱ्या जातीचे खरे सांगतो आणि तळाशी दडणारीला जवळपास नसल्यासारखे दाखवतो. खाद्याचा तक्ता व्हेनामीच्या जगणुकीचा एक ठरावीक आकडा धरून चालतो आणि खनिजांचा तक्ता तर दुसरी जात तळ्यात आहे हेच जाणत नाही. आमच्याकडची सगळी मापे एकेका जातीसाठी घडवलेली आहेत आणि ती वापरताना मी हा विचार केला नव्हता.

तिसऱ्या तळ्यातल्या ट्रेही पाहिल्या. तिथली जंबो लहान असून मुख्यतः जाळ्यांच्या पट्ट्यांपाशी होती. ट्रेत फक्त एक सापडली. दुसऱ्या तळ्याचे वाढवलेले खाद्य आजपासून मागे घेतले, आणि दोन ट्रेंवर १२ मिलिमीटर आसाची जाळी ताणून बसवली, जेणेकरून व्हेनामी आत जाईल आणि नांग्या असलेली मोठी जंबो बाहेर राहील.

१८ एप्रिल, दिवस ५६

दुसऱ्या तळ्यातील व्हेनामीचे वजन जास्त का, हा प्रश्न आता वेगळ्या रीतीने विचारावा लागेल. वजन जास्त आहे ते कदाचित संख्या कमी झाल्यामुळे. त्याच तळ्यातल्या दहा जंबो पकडून पोट भिंगाखाली तपासले. चारांमध्ये कवचाचे तुकडे सापडले. त्यावरून शिकार सिद्ध होत नाही, कारण टाकलेली कात दोन्ही जाती खातात. मात्र त्या चारांपैकी दोन जंबोंच्या पोटात कवचाबरोबर मांसाचे तंतूही होते.

२२ एप्रिल, दिवस ६०

तीन रात्री काचेच्या टाक्यांमध्ये साधी चाचणी केली. सहा टाक्यांत प्रत्येकी एक ९ ग्रॅमची जंबो आणि एक ६ ग्रॅमची, घट्ट कवचाची व्हेनामी ठेवली. सकाळी सहाही व्हेनामी जिवंत होत्या. दुसऱ्या रात्री नुकतीच कात टाकलेल्या सहा व्हेनामी ठेवल्या. त्यांतल्या चार सकाळपर्यंत खाल्लेल्या आढळल्या. तिसऱ्या रात्री पुन्हा मऊ कवचाच्याच व्हेनामी ठेवल्या, पण टाकीत जाळीची उभी पट्टी लावली. तेव्हा एकच गेली.

टाकीत पळायला जागा नसते, त्यामुळे हे प्रमाण तळ्याला लावता येणार नाही, आणि सहा हा आकडाही लहानच. तरीही दिशा स्पष्ट आहे. थर वाटून घेतल्यामुळे दोन्ही जाती एकमेकींच्या वाट्याला जात नाहीत, हे आमचे म्हणणे घट्ट कवचाच्या कोळंबीपुरते खरे आहे. कात टाकलेली व्हेनामी काही तास धड पोहू शकत नाही, तळाशी टेकते, आणि नेमकी जंबोच्या हद्दीत येते. ०.४ ग्रॅमच्या पिलांसमोर पीएल-१५ चे बीज तर घट्ट कवचाचे असले काय नि मऊ असले काय, भक्ष्यच ठरते. दिवस ० ला सहकाऱ्याने विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर मला साठ दिवसांनी मिळाले.

६ मे, दिवस ७४

सलग दोन दिवस आभाळ भरून होते. पहाटे सव्वाचारला फेरी मारताना दुसऱ्या तळ्याच्या काठाला, पाणी जेमतेम बोटभर असलेल्या जागी, जंबो ओळीने येऊन बसलेल्या दिसल्या; दोन तर ओल्या मातीवर चढल्या होत्या. मीटरवर विरघळलेला प्राणवायू दर लिटरला २.१ मिलिग्रॅम होता. एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारे यंत्र, चालू होता, पण काल संध्याकाळी टायमर लावताना माझ्याकडून मध्यरात्रीनंतरचा दुसरा एरेटर बंद राहिला होता. तो सुरू केला, सकाळचे खाद्य पूर्ण थांबवले. सात वाजता ३.८ पर्यंत वाढ झाली. व्हेनामीचे अठरा मृत नग काढले, जंबोचा एकही नाही.

पहिल्या तळ्यात त्याच वेळी ३.४ आणि तिसऱ्यात ३.१ होते. तीन तळ्यांमधला हा फरक बंद राहिलेल्या एरेटरचा किती आणि दुसऱ्या तळ्यातील जादा खाद्याचा किती, हे वेगळे करता येत नाही. पंधरा दिवस न खाल्लेल्या खाद्याचा गाळही तिथे प्राणवायू पीत बसला असावा. एक गोष्ट मात्र उपयोगाची सापडली. प्राणवायू उतरू लागला की जंबो काठाला येते, आणि ती येते तेव्हा व्हेनामी अजून पृष्ठभागावर आलेली नसते. पहाटेच्या फेरीत मीटर बुडवण्याआधी काठावर टॉर्च फिरवण्याचा नियम केला.

६ जून, दिवस १०५

पहिले आणि दुसरे तळे रिकामे केले. पहिल्यातून ३१,२०० व्हेनामी मिळाल्या, सरासरी १७.५ ग्रॅम, म्हणजे ५४६ किलो. जगणूक ७८ टक्के, खाद्य ७८० किलो. दुसऱ्यातून २६,४०० व्हेनामी, सरासरी १८.४ ग्रॅम, ४८६ किलो. जगणूक ६६ टक्के. त्याबरोबर १,४०० जंबो, सरासरी २२ ग्रॅम, ३१ किलो. खाद्य ८४५ किलो. साठ किलो व्हेनामी गमावून एकतीस किलो जंबो मिळवली, आणि तीही जादा खाद्य घालून.

काढणीच्या दिवशी आणखी एक अडचण पुढे आली, जिचा विचार आराखड्यात नव्हता. व्हेनामी बाहेर येताच बर्फात जायला हवी, आणि जंबो जिवंत ठेवायची तर तिला बर्फापासून दूर आणि हवेशीर पाण्यात ठेवावे लागते. मोरीतून दोघी एकत्र येतात. टेबलावर वेगळे करताना जंबोच्या नांग्यांनी व्हेनामीच्या जाळीत गुंता केला, कितीतरी नांग्या तुटल्या, आणि एवढ्यात व्हेनामी उन्हात थांबून राहिली. दोन टेबले आणि चार माणसे जास्त लागली.

७ जून, दिवस १०६

कालच्या अनुभवावरून तिसऱ्या तळ्याची पद्धत बदलली. पाणी ४० सेंटिमीटरपर्यंत उतरवून पहाटे ओढजाळे लावले. व्हेनामी जाळ्याबरोबर वाहत आली, जंबो बहुतांशी पाइपांत आणि गाळात राहिली. जाळ्यात आलेल्या थोड्या जंबो तिथल्या तिथे परत सोडल्या. ४७१ किलो व्हेनामी मिळाली, सरासरी १७.४ ग्रॅम. तळे पुन्हा १ मीटरपर्यंत भरले. जंबो वाढत ठेवायची आणि मागे राहिलेल्या व्हेनामींनाही तिच्याबरोबर वाढू द्यायचे.

६ ऑगस्ट, दिवस १६६

तिसरे तळे पूर्ण रिकामे केले. मागे राहिलेल्या व्हेनामी २,६०० निघाल्या, सरासरी २४ ग्रॅम, ६२ किलो. आधीची आणि ही मिळून व्हेनामीची जगणूक ७४ टक्के होते, म्हणजे जंबो नसलेल्या तळ्यापेक्षा फक्त चार टक्के कमी. जंबो १,३८० नग, ५१ किलो. दोन्ही वेळची व्हेनामी आणि जंबो मिळून ५८४ किलो आणि खाद्य ९०५ किलो. पहिल्या तळ्याशी ही थेट तुलना करता येणार नाही, कारण या तळ्याला दोन महिने जास्त मिळाले, आणि त्या दोन महिन्यांत पहिल्या तळ्यात पुढच्या पिकाची तयारी सुरू झाली होती.

जंबोची सरासरी ३७ ग्रॅम असली, तरी त्या वजनाची जंबो टोपलीत शोधावी लागते. निळ्या नांगीचे नर १७०, प्रत्येकी ७५ ग्रॅमच्या आसपास. नारिंगी नांगीचे २६०, सुमारे ५० ग्रॅम. माद्या ७००, सुमारे ३२ ग्रॅम. आणि २५० खुरटे नर, जेमतेम १२ ग्रॅमचे. निळ्या नांगीचे नर हद्द धरून बसले, की लहान नर खुरटतात, आणि मोठे काढून टाकले की त्याच खुरट्यांपैकी काही झपाट्याने वाढू लागतात. जूनमध्येच ओढजाळ्यात आलेले मोठे नर परत न सोडता काढून घ्यायला हवे होते. तेव्हा मी सगळ्याच जंबो परत सोडल्या. कितीतरी माद्यांच्या पोटाखाली अंडी होती, त्यांतली काही नारिंगी, तर काही उबण्याच्या बेताची करडी. या पाण्यात त्या अळ्या जगणार नाहीत, त्यामुळे तळ्यात आपोआप बीज तयार होण्याची आशा किंवा भीती दोन्ही नाही.

पुढच्या पिकाचा आराखडा असा: दोन्ही मिश्र तळ्यांत आडोसे सारखेच राहतील आणि फरक फक्त जंबो सोडण्याच्या दिवसाचा असेल, एकात दिवस २१ आणि दुसऱ्यात दिवस ३५. सर्व चेक ट्रेंना पहिल्या दिवसापासून जाळी असेल. जंबोची संख्या पागाऐवजी पाइपांतून मोजायची. दर आठवड्याला ठरावीक वीस पाइप दोन्ही तोंडे बंद करून उचलायचे आणि आत किती सापडतात ते लिहायचे. पाइप कापून त्यांवर क्रमांक घालण्याचे काम आज दुपारी सुरू केले.